वन्संना काय वाटलं

मटारची शेंग अंगठ्याखाली फुटताना होणारा तो ओलसर, बारीक आवाज ऐकला की मला वन्संचं मत ऐकू येतं. शिशिरातली दुपार, सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्या, खिडकीतून उतरणारं पिवळसर ऊन आणि टीव्हीचा थरथरता निळा उजेड. दोन्ही प्रकाशांनी त्यांचा चेहरा अर्धा अर्धा वाटून घेतलेला असे. नजर पडद्यावर, बोटं परातीत. मालिकेतलं कुणी हुंदके देऊ लागलं की शेंगा फुटायच्या थांबत, चष्मा कपाळावर चढे आणि निकाल लागे, "बाई रडते छान, पण पदर काही ओला होत नाही." मग चष्मा पुन्हा नाकावर, बोटं पुन्हा कामाला.

वन्सं म्हणजे ह्यांची बहीण, माझ्या मुग्धाची आत्या. लग्न केलं नाही. परक्यांचे आवाज एकमेकांना जोडून देऊन स्वतः बाजूला होण्यात, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, त्यांचं तारुण्य सरलं. नवी यंत्रं आली, त्यांनी नोकरी लवकर सोडली, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं मौन सिनेमांच्या आणि मालिकांच्या निमित्ताने वाहतं झालं. त्यांच्या बोलण्याला समीक्षेचा आव नव्हता. कोशिंबिरीवर चिमूटभर साखर भुरभुरावी तशी दोन बोटं हवेत हलवून त्या म्हणत, "नायक देखणा आहे हो, पण त्याला मध्यंतरातच घरी पाठवायला हवा होता. सिनेमा वाचला असता." आणि आपण तीन तास पाहिलेला सिनेमा त्या एका वाक्याच्या कवडशात अचानक स्वच्छ दिसू लागे.

मला असं काही कधी साधलं नाही. पाहताना वाटत काहीच नसे असं नाही. पण वाटलेलं ओठांशी येईतो त्याचं 'बरा होता' होऊन जाई. बँकेतल्या नोकरीने मला नेमकं बोलायला शिकवलं आणि मुळातला अबोलपणा त्या नेमकेपणाआड सुखाने लपून राहिला.

मुग्धा दहावीत गेली त्या वर्षी आम्ही घरातली केबल काढली. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ती रीतच होती. दहावी-बारावीचं मूल कुठल्या घरात आहे हे गच्चीवरून कळे, कारण तिथली काळी तार वेटोळं करून ठेवलेली असे. मी ती बारावीचा निकाल लागेपर्यंत जोडू दिली नाही आणि ते लग्नकार्यात चारचौघींना अभिमानाने सांगत राहिले. क्लास सदाशिव पेठेत. दोन क्लासच्या मधल्या वेळात पोरीने उपाशी राहू नये म्हणून आत्याकडे जाऊन खाण्याची व्यवस्था माझीच. माझं घर मी निःशब्द केलं, आणि माझ्या मुलीचं बोलणं आपलं आपण दुसऱ्या घरी राहायला गेलं.

हे मला कळलं ते वन्संच्या बंद दाराबाहेर. हातात डबा होता, बेलवर बोट जाणार होतं, आणि आतून मुग्धाचा आवाज आला, "आत्या, पण तो तिला एकदाचं खरं सांगून का टाकत नाही?"

"सांगेल कसा? अजून जाहिराती यायच्यात."

त्यावर मुग्धा हसली. पाण्याने काठोकाठ भरलेली घागर हिंदकळावी तसं ते हसू दाराखालच्या फटीतून माझ्या पावलांशी आलं, आणि माझ्या लक्षात आलं की हे हसू मी पहिल्यांदाच ऐकतेय. मी डबा घेऊन तशीच जिना उतरले.

पुढे सगळं इतरांच्या मुलांसारखंच झालं. इंजिनिअरिंग, हिंजवडीतली नोकरी, लग्न, अमेरिका. शनिवारी सकाळी फोन येई. "जेवलीस का?" "हो." "थंडी आहे का गं?" "आहे." "बरं, बाबांना देते." आमचं संभाषण हे असं, इस्त्री करून घडी घातल्यासारखं. त्यानंतर ती आत्याला फोन करी, आणि तो तासभर चाले. मी दुपारी काहीतरी निमित्त काढून वन्संना विचारी, "काय म्हणत होती?"

"काही नाही हो वहिनी, एक सिनेमा पाहिला तिनं. त्यातली बायको उगाच समजूतदार दाखवलीय म्हणत होती."

सिनेमाच ना, असं म्हणून मी स्वतःला समजावी. मुलीची तब्येत, झोप, पगारवाढ, सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी माझ्या वाट्याला येत होत्या. वन्संना मिळत होता तो निव्वळ फुलोरा. तरी दर शनिवारी त्या तासाभरात मी ओटा दोनदा पुसत असे.

मुग्धा नवऱ्यापासून वेगळी झाली हे मला समजलं तेव्हा तिचं सामान दुसऱ्या घरी लागलेलंसुद्धा होतं. मी रिक्षा करून वन्संकडे गेले. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"तुम्हाला सांगितलं होतं तिनं?"

"सांगितलं नाही हो. तिची आवड बदलली. आधी भांडभांड भांडून एकत्र राहणारी माणसं आवडायची तिला. वर्षभरापासून एकटी राहणारी आवडायला लागली होती."

"मग मला बोलायचं होतंत."

"काय बोलू, वहिनी? तिनं मला सिनेमाच सांगितला होता."

त्या क्षणी माझ्या मनात लेकीच्या दुःखाच्या आधी हेवा उमटला. आधी हेवा, मग दुःख. आई म्हणवून घेणाऱ्या बाईच्या अंतःकरणात हा क्रम असू शकतो, हे लिहायला मला केस पिकेपर्यंत थांबावं लागलं. आणि लिहितेच आहे तर हेही लिहिते: काही वर्षांनी वन्संच्या दृष्टीचा मधला भाग धुरकट होत गेला, पडद्यावरचे चेहरे त्यांना दिसेनासे झाले, तेव्हा मला वरून हळहळ वाटली आणि आतून एक गारवा. आता कशाच्या जोरावर बोलतील, असा.

तो गारवा मला झेपला नाही, म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. शरदातल्या पांढऱ्या दुपारी टीव्ही लावलेला असे आणि त्या आवाजाच्या दिशेने मान कलती करून, एखादं झाड उन्हाकडे झुकावं तशा बसलेल्या असत.

"काय दाखवतायत सांगा ना."

"ती आत आली. तो खिडकीशी उभाय. ती चहा ओततेय."

"हा पंचनामा झाला, वहिनी. तुम्हाला काय वाटतंय?"

मी पडद्याकडे पुन्हा नीट पाहिलं. "खोटं बोलतेय ती," मी म्हटलं. "चहा ओततेय, पण कपाकडे बघतच नाहीये. त्याच्याकडे बघतेय."

"अस्सं," वन्सं म्हणाल्या, आणि ती दोन बोटं हवेत हलली. "हे मुग्धाला सांगा."

मी सांगितलं नाही. धाडस झालं नाही, आणि खरं तर वन्संच्या परवानगीने मुलीशी बोलायचं, हे मनाला सोसलं नाही.

वन्सं गेल्या त्या चैत्रात, झाडांना कोवळी तांबूस पालवी फुटत असताना. त्यानंतरच्या शनिवारी फोन आला. जेवण झालं, हवा झाली, आणि पलीकडे अशी शांतता पसरली की मला कळलं, आता मी 'बरं' म्हटलं तर ही मुलगी फोन ठेवेल आणि पुढचा तास तिच्यापाशी कुणीच नसेल.

"काल एक सिनेमा पाहिला," मी म्हणाले.

"तू?"

"हो. त्यातली आई मला नाही पटली. सारखी विचारत सुटते, आणि उत्तराला थांबतच नाही."

मग ती सावकाश म्हणाली, "मला पटली गं ती. घाबरलेली आहे, आई. एवढंच."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. 'एवढंच' म्हणाली, तरी तेवढ्यात माझी किती वर्षं मावली.

आता आम्ही दर शनिवारी बोलतो. चुकीची मतं देते मी. ती मला खोडून काढते, क्वचित चिडतेही, आणि ते चिडणं मी प्रसादासारखं घेते. पण ऐन वादात कधी तरी ती क्षणभर थांबते, आणि ती कुणाच्या शब्दाची वाट पाहतेय हे मला न सांगता समजतं. गेलेलं माणूस आपली जागा सोडून जात नाही. काळ तिथली धूळ झटकत राहतो आणि राहिलेल्यांनी आवाज न करता तिच्या कडेने चालायचं असतं. मी चालते. मुग्धा पुन्हा बोलू लागेपर्यंत थांबते, आणि तेवढ्या वेळात, अजूनही, वन्संवर जळते.