चिकटलेली पानं

अकरा प्रकाशकांनी माझी कादंबरी परत पाठवली. प्रत्येकाच्या पत्रात तेच वाक्य, 'आपली कादंबरी बारकाईनं वाचली.' कसलं डोंबलाचं वाचतायत! नायक मरतो ती समोरासमोरची दोन पानं बायकोनं सुरुवातीलाच डिंकाचा ठिपका देऊन चिकटवली होती आणि दर वेळी ती तशीच चिकटलेली परत यायची. मी दातओठ खायचो आणि पुढच्या प्रकाशकाचा पत्ता लिहायला घ्यायचो.

बाराव्यानं मला प्रुफंही न दाखवता कादंबरी छापली. प्रत हातात पडताच मी ते प्रकरण उघडलं. नायक शीळ घालत जिना उतरत होता आणि पुढच्याच ओळीत त्याची विधवा रडत होती. ती दोन पानं छापखान्यातही कुणी सोडवली नव्हती.

प्रकाशकाच्या नावानं शंख करायला मी चपला घालतोय, तेवढ्यात एका बड्या समीक्षकांचा फोन आला.

"नायकाचा मृत्यू चक्क दाखवलाच नाहीत! काय हा संयम!"

"त्या जागेवरच सगळ्यात जास्त मेहनत घेतली, साहेब," मी नम्रपणे म्हणालो आणि चपला काढल्या.

बायकोनं डिंकाची बाटली माझ्यासमोर आणून ठेवली. "पुढची कादंबरी अख्खीच चिकटवू या का?"