झाकलेलं नाव

आपण नेमकं काय काम करतो हे घरच्यांना समजावून सांगायचं जिनत बागवानने केव्हाच सोडून दिलं होतं. वेबसाईटला जे नाव लागतं, ज्याला डोमेन म्हणतात, ती नावं विकणाऱ्या हिंजवडीतल्या एका कंपनीत ती होती. विकलेल्या नावांबद्दलच्या तक्रारी तिच्याकडे येत. कुणी बनावट औषधं विकायला मांडली, कुणी बँकेची हुबेहूब नक्कल करून लोकांचे पासवर्ड गोळा केले, तर ते तपासायचं आणि खरं निघालं की साईट बंद करायची. मोमीनपुऱ्यातून सकाळी निघून, वाकडच्या पुलावर रोजचा अर्धा तास काढून ती जागेवर पोचे, तोवर वीस-पंचवीस तक्रारी येऊन पडलेल्या असत.

त्या सोमवारी पहिलीच तक्रार मुठाई नागरी सहकारी बँकेची होती. बँकेच्या ग्राहकांना मेसेज जात होते: तुमचं खातं आज बंद होणार, खालच्या लिंकवर जाऊन केवायसी करा. जिनतने लिंक उघडून पाहिली. बँकेचाच रंग, बँकेचंच बोधचिन्ह, खाली खाते क्रमांक आणि ओटीपी भरायची चौकट. नावात फक्त एक आडवी रेघ जास्त. तिने चाळीस मिनिटांत साईट बंद केली आणि तसं कळवलं.

पाच मिनिटांनी फोन आला. बँकेचे तक्रार निवारण अधिकारी रावसाहेब जगदाळे बोलत होते.

"मॅडम, साईट बंद केलीत, उपकार झाले. आता नाव सांगा."

"कुणाचं, सर?"

"ज्याने ती घेतली त्याचं. का नाव न विचारताच विकता आपण? आमच्याकडे साधं चेकबुक मागायचं तरी सही लागते."

"नाव आहे. पण ते मला देता येत नाही. घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवावी लागते. पोलिसांचं पत्र आलं की लगेच देऊ."

"म्हणजे चोराची अब्रू सांभाळायला तुम्ही आणि लुटलेल्यांचे शब्द ऐकायला आम्ही. वाटणी छान आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

जिनतला राग यायला हवा होता, पण आला नाही. माणूस चुकीचं काही बोललेला नव्हता.

मंगळवारी दुपारी खालच्या स्वागतकक्षातून निरोप आला की कुणी जगदाळे म्हणून आलेत, हातात फाईल आहे, आणि भेटल्याशिवाय जाणार नाही म्हणतात. जिनत खाली गेली. साठीला टेकलेला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला उंच माणूस खुर्चीच्या कडेवर बसला होता. दोन बस बदलून आले होते.

"फोनवर मी जरा तिरकस बोललो," ते म्हणाले. "समोरासमोरही तसंच बोलतो, म्हणून आधी सांगून ठेवतो."

त्यांनी फाईल उघडली. आत अर्जांच्या प्रती होत्या, बऱ्याचशा हाताने लिहिलेल्या. एका अर्जावर बोट ठेवून ते म्हणाले, "या बाई शिक्षिका होत्या. माझ्या टेबलासमोर बसून म्हणाल्या, मेसेजवर तुमच्या बँकेचं नाव होतं हो, मी बँकेवर विश्वास ठेवला. चूक कुणाची? मला उत्तर देता आलं नाही. आता तुम्ही मला सांगा, या बाईंपेक्षा त्या भामट्याची माहिती जास्त मोलाची कशी?"

जिनतने तो अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली, "सर, पूर्वी ही माहिती उघडी असायची. कुणीही पाहावी. कॉलेजात असताना मी मेहंदीच्या डिझाइन्सची एक साईट काढली होती. नाव, पत्ता, मोबाइल, सगळं जगाला दिसत होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. एक माणूस सहा महिने फोन करत राहिला. मग एक दिवस आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. अब्बांनी साईट बंद करायला लावली. कॉलेजही बंद व्हायचं होतं, थोडक्यात वाचलं."

रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमची गोष्ट वेगळी आहे."

"वेगळीच आहे. पण कुलूप एकच आहे ना. तुमच्यासाठी उघडलं तर त्या माणसासाठीही उघडतं. तोसुद्धा उद्या बँकेच्या नावाने पत्र लिहील."

"मी चारची बस धरणार आहे," रावसाहेब म्हणाले. "तोवर इथे बसतो. तुमचा विचार बदलला तर बरं, नाही बदलला तर एसी तरी आहे."

जिनत वर आली. विचार बदललेला नव्हता, पण कुतूहल जागं झालं होतं. साईट बंद करताना तिने घेणाऱ्याची नोंद नीट पाहिलीच नव्हती, तशी गरजही नव्हती. आता तिने ती उघडली. ईमेल अगम्य अक्षरांचा. पैसे कुठल्याशा गिफ्ट कार्डाने भरलेले. नाव मात्र सरळ: तुळजाबाई. पत्ता अप्पर बिबवेवाडीचा, खाली मोबाइल नंबर. सोबत ओळखपत्राचा फोटो.

त्या फोटोपाशी ती अडखळली. कार्ड शिलाई मशीनच्या पाट्यावर ठेवलेलं होतं. कडेला पोपटी साडीचा काठ, त्याला टाचणीने लावलेला अर्धवट फॉल. वर मशीनच्या सुईचा दांडा. बँकेला फसवणारा माणूस आपल्या कार्डाचा फोटो असा साडीच्या पसाऱ्यात काढेल? आणि कार्डावरची बावन्न वर्षांची ही बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, कॅमेऱ्याकडे परीक्षेला बसल्यासारखी बघणारी?

नोंदवलेली माहिती खरी की खोटी हे फोन करून तपासायचं, हे जिनतच्या कामातच होतं. तिने नंबर लावला. पलीकडे मशीनचा खडखडाट होता. तो थांबला.

"हॅलो, कोण बोलतंय? पिको संध्याकाळी मिळंल."

"तुळजाबाई का? मी जिनत बागवान, हिंजवडीहून. तुमच्या नावावर एक वेबसाईट घेतलेली आहे, त्याबद्दल विचारायचं होतं."

"काय घेतलंय?"

"वेबसाईट. मोबाइलवर, इंटरनेटवर असते ती."

"बाई, मी फॉल-पिको करते. माझ्याकडं एक मशीन आन् एक खुर्ची हाय. दुसरं काय बी घेतलेलं न्हाई."

जिनतने हळूहळू विचारलं, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी तुळजाबाईला फोन आला होता. बँकेतून बोलतोय, केवायसी राहिली आहे, कार्डाचा फोटो पाठवा. तिने मशीनवरच कार्ड ठेवून फोटो काढला आणि पाठवून दिला. पुढे काहीच झालं नाही, पैसेही गेले नाहीत, म्हणून ती विसरून गेली.

"कुठल्या बँकेतून म्हणाला तो?"

"आपल्या मुठाईतून. तिथंच माझं खातं हाय ना."

जिनतने डोळे मिटले. ज्या नावासाठी खाली रावसाहेब बसून होते ते त्यांच्याच ग्राहकाचं होतं, आणि भामट्यांनी तिच्याकडून पैशांऐवजी तिचं नाव काढून नेलं होतं. त्या नावाआड लपून त्यांनी इतरांना लुटलं होतं.

"तुळजाबाई, तुम्ही बँकेत जाऊन हे सांगा. पोलिसांतही."

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "मलाच धरतील. कार्ड माझं, नाव माझं. लातूरवरनं येऊन वीस वरसं झाली, कुणाचं काय खाल्लं न्हाई. तुम्ही माझं नाव कुणाला सांगू नका, तुमच्या पाया पडते."

"नाही सांगणार," जिनत म्हणाली.

आणि मग ती जिना उतरताना विचार करत राहिली, की आता खाली बसलेल्या माणसाला सांगायचं काय.

रावसाहेब घड्याळ बघत होते. जिनत समोर बसली. "सर, समजा मी तुम्हाला नाव दिलं असतं. तुम्ही काय केलं असतं?"

"आधी तक्रार. मग ते नाव आमच्या खात्यांत शोधलं असतं. सापडलं तर खातं गोठवलं असतं. सगळ्या शाखांना कळवलं असतं."

"आणि ते नाव चोराचं नसतं तर?"

रावसाहेब काहीतरी तिरकस बोलणार होते, पण थांबले. जिनतच्या चेहऱ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. तीस वर्षं काउंटरवर काढलेला माणूस होता, न बोललेलं ऐकायची सवय होती.

"आमचाच कुणी आहे का?"

"मी हो म्हणणार नाही आणि नाही म्हणणार नाही," जिनत म्हणाली, आणि तेवढंही जास्त झालं की काय असं तिला वाटलं.

"नका म्हणू." त्यांनी फाईल मिटली. जरा वेळाने फाईलमधलाच एक कोरा कागद काढला, गुडघ्यावर फाईल ठेवली आणि लिहायला लागले. अक्षर जुन्या वळणाचं, टपोरं. लिहून झाल्यावर कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला.

'गेल्या काही महिन्यांत बँकेच्या नावाने फोन करून ज्यांच्याकडून कुणी ओळखपत्राचा फोटो मागून घेतला असेल, त्यांनी मला येऊन भेटावे. आपला दोष नाही. कोणाचेही खाते गोठवले जाणार नाही. पोलिसांकडे जावे लागले तर मी स्वतः सोबत येईन. रावसाहेब जगदाळे, मुख्य शाखा, शनिपार.'

"हे ज्याला पोचायला हवं त्याला पोचवाल? नाव मला नको."

"पोचवते," जिनत म्हणाली. "पोचवायला आमच्या नियमात आडकाठी नाही. पण खातं गोठवणार नाही हे तुम्हाला परस्पर लिहिता येतं?"

"नाही. आता बँकेत जाऊन त्यासाठी भांडणार. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, भांडायला हेच वय चांगलं." ते उठले. चारची बस केव्हाच गेली होती.

जिनतने तुळजाबाईला परत फोन लावून कागद वाचून दाखवला. तुळजाबाईने तो दोनदा वाचायला लावला.

"हे लिव्हणारा माणूस खरा बँकेतला हाय कशावरनं? तो बी बँकेतलाच म्हनला होता."

जिनतला हसू आलं आणि बरंही वाटलं. "बरोबर विचारलंत. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. पासबुकावर बँकेचा नंबर छापलेला असेल, त्यावर फोन करा आणि रावसाहेब जगदाळे आहेत का विचारा. नाहीतर सरळ शाखेत जा, नीट बघा आणि मग ठरवा."

बुधवारी काहीच कळलं नाही. जिनत तक्रारी उपसत राहिली, पण मन फोनकडे. तिचा साहेब, विश्वजीत, याला तिने झालेलं सगळं सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "नियमात बसतं. पण तू त्या बाईच्या काळजीत का आहेस? केस बंद झाली ना?" तिने पुढची तक्रार उघडली.

गुरुवारी दुपारी रावसाहेबांचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"मॅडम, वर भांडून परवानगी मिळवली. तो कागद मी शाखेच्या दारावरही लावला. सगळ्या शाखांच्या. आज सकाळपासून अकरा जण आले."

"अकरा?"

"अकरा. रिक्षावाले आहेत, एक भाजीवाली आहे, दोन तर कॉलेजच्या मुली. सगळ्यांनी फोटो पाठवलेले, सगळे घाबरून गप्प बसलेले. तुमचा माणूस त्यांत होता की नाही मला ठाऊक नाही. विचारणारही नाही." मग म्हणाले, "एका बाईंनी मात्र आधी माझं ओळखपत्र मागितलं. मी दाखवलं. मग पासबुकावरचा नंबर लावून माझ्यासमोरच खात्री केली. मी म्हटलं, बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

जिनत फोनवरच हसली.

त्या अकरा जणांना रावसाहेब स्वतः सायबर पोलिसांकडे घेऊन गेले. तिथे जबाब देताना एक गोष्ट वर आली. अकरापैकी नऊ जणांनी आषाढी वारीच्या पालखीच्या दिवसांत रस्त्याकडेला मांडलेल्या एका 'मोफत केवायसी शिबिरा'च्या टेबलावर आपला मोबाइल नंबर आणि बँकेचं नाव लिहून दिलं होतं. त्या टेबल-खुर्च्या कुणी भाड्याने आणल्या, तिथून धागा लागला. पुढच्या आठवड्यात जिनतच्या कंपनीला पोलिसांचं रीतसर पत्र आलं, आणि तिने नोंद, गिफ्ट कार्डाचा माग, साईट कुठून चालवली जात होती त्याचा तपशील, सगळं तासाभरात दिलं. नोंदीतल्या नावापुढे तिने स्वच्छ लिहिलं: या व्यक्तीची ओळख चोरली गेली आहे. दोघं पकडले गेले. तिसरा सापडला नाही. शिक्षिकाबाईंचे थोडे पैसे परत आले, सगळे आले नाहीत.

आणि दर पंधरा-वीस दिवसांनी मुठाईच्या नावाची नवी नक्कल निघतच होती. आता रावसाहेब फक्त लिंक पाठवत, खाली एक ओळ: 'नाव विचारत नाही, दार लावा.' जिनत दार लावी. नाव लागलंच तर पोलिसांचं पत्र येई. याने सगळं सुटलं असं दोघांपैकी कुणीही म्हणत नव्हतं.

दिवाळीच्या आधी एकदा तुळजाबाईचा फोन आला. मशीन चालूच होतं.

"बाई, एक विचारू का? ती माझ्या नावाची वेबसाईट होती, ती दिसायला कशी होती?"

जिनतने सांगितलं. निळा रंग, बँकेचं चिन्ह, मोठ्या अक्षरांत 'आपले खाते सुरक्षित करा'.

"म्हंजे चांगली होती."

"हुबेहूब होती."

"असली माणसं हुशार असतात," तुळजाबाई म्हणाली. मशीन थांबलं. "आता मला एक सांगा. फॉल-पिकोची अशी एखादी काढायची म्हनलं, तर माझा नंबर गिऱ्हाइकाला दिसंल, पन घराचा पत्ता कुणाला दिसायचा न्हाई, असं करता येतं का?"

"येतं," जिनत म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून तिला पहिल्यापासून समजावून सांगायला लागली.