सातवं गाणं

संगीतकार चोक्कलिंगम मास्तरांचे कान इतके तिखट, की भिंतीवरची पाल बेसूर चुकचुकली तर ते तिला दरडावून सुरात आणत, असं कोडंबाक्कमच्या सिनेवस्तीतली माणसं शपथेवर सांगतात. मंडळी, अशा कानांना एक गोष्ट मात्र अठरा वर्षं ऐकू आली नाही.

पोन्नी त्यांची ट्रॅक गायिका. नवं गाणं आधी तिनं गायचं. मग नामांकित गायिकेनं ते ऐकून, हरकतींसकट उचलून, पुन्हा गायचं. की पोन्नीचा आवाज पुसून टाकायचा! रिवाजच तसा.

गायनस्पर्धेवरच्या एका विनोदी सिनेमासाठी मास्तरांनी सात गाणी बांधली, तेव्हा पोन्नीनं हात जोडले.

"मास्तर, एक तरी माझ्या आवाजात राहू द्या. अप्पा ऐंशीचे झाले. पोर सिनेमात गाते म्हणून गावभर सांगतात. लोक विचारतात, नाव कुठाय?"

"देतो की!" मास्तर म्हणाले.

दिलं ते सातवं. पहिल्याच फेरीत हाकलल्या जाणाऱ्या स्पर्धक बाईचं. 'चंद्रा, ये ना खाली, इडली गार झाली!' आणि तेही बेसूर गायचं. मोठ्या गायिकांनी त्याला आवाज द्यायला नकार दिला होता.

पोन्नी माइकपुढे उभी राहिली. मग गायली.

सिनेमा असा चालला, की मदुरैत म्हणे हसून हसून एकाची कवळी पडद्यापर्यंत उडाली. पोन्नीच्या गावी तंबूतल्या थेटरात तिचे अप्पा, पन्नास वर्षं देवळात नागस्वरम् वाजवलेले वीरास्वामी, नवं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले. पडद्यावर नाव आलं. मग गाणं आलं. सारा गाव पोट धरून हसला.

आठवड्यानं मास्तरांच्या नावे वीरास्वामींचं कार्ड आलं. ध्वनिमुद्रक मरैक्कार भायनं वाचून दाखवलं.

"मास्तरांना नमस्कार. मी डोळे मिटून ऐकलं. पोर प्रत्येक सूर केसभर उतरता लावत होती, दर वेळी तेवढाच केसभर. खरी जागा ठाऊक असल्याशिवाय हे जमत नाही. बाकीच्या सहा गाण्यांत आवाज दुसरीचा, पण श्वासाच्या जागा मी शिकवलेल्या. तीही आधी तिनंच गायली ना? दोन ओळी कळवा. वाटेत लोक इडलीचं गाणं म्हणून चिडवतात. त्यांना दाखवीन."

"उत्तर लिहा, मास्तर," भाय म्हणाला.

"लिहू रे. शंभराव्या दिवसाचा समारंभ होऊ दे."

"म्हाताऱ्याच्या दिवसांचा हिशेब तुमच्या खिशात आहे वाटतं?"

मास्तर हसले. कार्ड पेटीखाली सरकवलं.

समारंभ झाला, हार पडले. दुसऱ्या दिवशी पोन्नी रेकॉर्डिंगला आली नाही. अप्पा गेले होते.

तेव्हा कुठे मास्तर धावत ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आले! "भाय, तिचे सहाही ट्रॅक काढ. गावात नेऊन ऐकवतो."

"कुठून काढू? पुसा म्हणून तुम्हीच सांगत आलात ना? अठरा वर्षं!"

सोळाव्या दिवसाच्या विधीला मास्तर रिकाम्या हातांनी गावी गेले. पंगतीपुढे उभे राहून म्हणाले, "सहाही गाणी आधी हिनं गायली. मोठ्या बाईंनी हिचंच ऐकून म्हटली. आणि सातवं असं चुकवायला तुमच्या-माझ्या सात पिढ्यांना जमायचं नाही!"

कुणी हसलं नाही. चिडवणारे पानाकडे बघत राहिले. खुंटीवर गवसणीत नागस्वरम् टांगलेलं होतं.

"पोरी, परत चल," मास्तर म्हणाले. "आता पडद्यावर पहिलं नाव ट्रॅक गायिकेचं."

"लावा, मास्तर. मागून येणाऱ्या पोरींना होईल," पोन्नी म्हणाली. "मला ज्यांना ते नाव दाखवायचं होतं, ते गेले."

ती पुन्हा कोडंबाक्कमला आली नाही. मास्तरांनी शब्द पाळला. पण ती पाटी पडद्यावर आली, की पालीला सुरात आणणारा हा माणूस थेटराबाहेर जाऊन उभा राहतो.

म्हणून सांगतो, मंडळी! आपल्या घरात, कचेरीत कुणाच्या तरी आवाजावर आपण आपलं गाणं म्हणत असतोच. त्याचं नाव आजच घ्या, मोठ्यानं घ्या. ऐकणारे कान आपल्या समारंभासाठी थांबत नाहीत.