रुखमा काहून वाकली

ज्या साली गोदावरीबाईच्या थोरल्या लेकीला जुळं झालं आणि त्यातली एकच पोर जगली, त्याच साली, म्हणजे एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, तिनं आपल्या लेकाचं, खुशालचं लगीन लावून दिलं. सून आणली ती थेट खाणींच्या नाकाडोंगरीहून. त्यांच्या गावात, कोंढ्यात इतक्या लांबची पोर कोणी आणली नव्हती. खाणीच्या पट्ट्यातली माणसं कशी असतात हे गोदावरीबाईला ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही त्यावर डोळा ठेवावा, ही तिची रीत.

डोळा ठेवायला सुनेनं, रुखमानं कारणही लवकरच दिलं. ती कबड्डी खेळायची. खाणीतल्या मजुरांचा खेळ बघून तिकडच्या पोरीही शिकल्या होत्या. कोंढ्याच्या ग्रामसेविकेला हे कळलं तसं तिनं गावातल्या पोरी जमवल्या आणि रुखमाला त्यांची कप्तान केलं. खुशाल हो म्हणून मोकळा झाला. गोदावरीबाई नाही म्हणाली नाही, पण बघत राहिली. सून पहाटे बांधावरून धावते कशाला? गुडघ्याला हळद कशाची? दम कोंडून भिंतीकडं तोंड करून उभी का राहते?

खेळ मात्र खरा होता. रुखमा एका दमात आत जायची, हात लांबवून दोघी-तिघींना शिवायची आणि परत. पवनी तालुक्यात तिला धरणारी कोणी उरली नाही. लोक गोदावरीबाईला ‘रुखमाची सासू’ म्हणू लागले. तिला ते आवडायचंही आणि खुपायचंही.

शहात्तरच्या जानेवारीत पवनीला जिल्ह्यातल्या संघांचे सामने झाले. शेवटच्या सामन्याला कोंढ्यासमोर आली नाकाडोंगरी. त्यांच्याकडून बेबीबाई खेळत होती. ती रुखमाची मोठी वहिनी. आई गेल्यावर तिनंच रुखमाला वाढवलं होतं.

सामन्याआधी गोदावरीबाईनं पाहिलं, विहिरीमागं नणंद-भावजय कुजबुजत होत्या आणि वहिनीनं रुखमाच्या हातात एक पुरचुंडी ठेवली.

“काय देल्लं वं तिनं?”

“लाखोरीच्या दाळीचे वडे, आत्याबाई. तुमच्यासाठीच हायेत.”

“मायासाठी? मले तं ते धड वळखतबी नाई.”

पुरचुंडीत वडेच निघाले. गोदावरीबाईनं एक मोडून वास घेतला आणि पुन्हा बांधून ठेवला.

सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई रुखमाची. ती आत गेली, बेबीबाई कोपऱ्यात सरकली. हात पुरेना तेव्हा रुखमानं पाय लांबवला आणि अंगठा वहिनीच्या नडगीला लागला. झालं. आता फक्त परतायचं होतं. रुखमा वळलीही, पण मध्येच वाकली, वहिनीच्या पायाला हात लावून तो कपाळाला नेला. तेवढ्यात चौघी तिच्यावर पडल्या. दम सुटेपर्यंत दाबून धरलं. नाकाडोंगरी जिंकली.

परतीला बाया बैलगाडीत बसल्या. शेजारची वयस्कर बायजाबाई म्हणाली, “चार वड्यांत गाव इकलं बाई. भजे असते तं काय झालं असतं!”

घरी आल्यावर गोदावरीबाईनं विचारलं, “रुखमे, काहून वाकली?”

“पाय लागला न, आत्याबाई.”

“इतके सामने खेळली, कदी वाकली नाई.”

“त्या साऱ्या मायाहून लहान होत्या.”

उत्तर बरोबर होतं. फार बरोबर होतं, म्हणूनच गोदावरीबाईला पटेना. खेळ बंद झाला. उन्हाळ्यात ग्रामसेविका आली. पावसाळ्यानंतर भंडाऱ्याला जिल्ह्याचा संघ निवडणार होते, रुखमा गेली नाही तर तिचा खेळ कायमचा संपणार होता. गोदावरीबाई म्हणाली, “पाहू.” रुखमा दाराआड उभी होती. तिनं विनवलं नाही, रडलीही नाही. न रडणाऱ्या माणसाचा गोदावरीबाईला आणखी संशय यायचा.

आखाडात रोवणा लागला. धानाची रोपं घेऊन बाया चिखलात एका ओळीत वाकल्या. गोदावरीबाई मुद्दाम रुखमाच्या एका बाजूला उभी राहिली आणि दुसऱ्या बाजूला तिनं बायजाबाईला बोलावलं. वड्यांच्या त्या बोलण्यापासून रुखमा बायजाबाईशी एक शब्द बोलत नव्हती. मागं सरकता सरकता गोदावरीबाईनं सुनेला कोपरानं ढकललं. रुखमाची टाच बायजाबाईच्या पायावर पडली.

रुखमाचं तोंड रागानं वाकडं झालं. पण हात आधीच खाली गेला होता. चिखलातून बायजाबाईचा पाय शिवून तो कपाळाला लागलाही होता.

“वडे तं मी आणले नाई वं!” बायजाबाई ओरडली. ओळभर हसू पसरलं.

एकदा कोणीही करील, गोदावरीबाईनं मनात म्हटलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. दुपारपर्यंत रुखमाचं कपाळ चिखलानं माखलं.

“आत्याबाई, तुमी काहून ढकलून राहिल्या?”

“चिखल हाये. पाय सरकते.”

बांधावर भाकर खाताना ती सुनेकडं न बघता म्हणाली, “भंडाऱ्याले जाय. पण तिथं मोठ्या बाया असतीन. पाय लागला तरी वाकाचं नाई. जेवढे नमस्कार राहतीन तेवढे घरी आन, न माया पायावर टाक. साऱ्यांच्या नावानं.”

रुखमानं पदरानं कपाळावरचा चिखल पुसला.

“अन् मी संगं येईन,” गोदावरीबाई म्हणाली. “तुया वहिनीचा काई भरोसा नाई.”

रुखमा जिल्ह्याकडून खेळली, मग विदर्भाकडून. नागपूर, अमरावती, अकोला. गोदावरीबाई प्रत्येक मैदानात गर्दीपासून लांब, डोक्यावर पदर घेऊन बसायची. घरी आलं की ओट्यावर पाय पसरायची. “आन.” रुखमा वाकायची. ती उठली की सासू विचारायची, “अन् ते नागपूरची उंच बाई? तिचा लपवला तू.” रुखमा हसत पुन्हा वाकायची.

अकोल्याच्या शेवटच्या सामन्याला गोदावरीबाई जाऊ शकली नाही, पाय सुजले होते. रुखमा परत आली तेव्हा ती खाटेवर होती.

“किती आनले?”

“एकबी नाई, आत्याबाई. कोनालेच पाय लागला नाई.”

“खोटं बोलतं,” असं म्हणून तिनं गोधडीतून पाय बाहेर काढले. रुखमा वाकली.

गोदावरीबाई एकोणीसशे पंच्याऐंशी साली, होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वारली. रुखमा घरीच होती.