दुरुस्तीला असलेली बोट

सकाळी आठला नावाड्यानं धक्का झाडला, वल्ही पुसली आणि ‘बोट दुरुस्तीला आहे’ ही पाटी नेहमीप्रमाणे बाकाखाली हाताशी ठेवली. बोट ठणठणीत होती. सरकारी अनुदानातून आलेल्या सहाही बोटी ठणठणीत होत्या. पण तळ्याच्या खालच्या काठावरच्या वस्तीतलं कुणी फेरी मारायला आलं, की पाटी बाहेर निघायची. ती माणसं बसलेल्या बाकावर बसायला वरच्या काठाची मंडळी तयार नव्हती, आणि बोटी चालवणाऱ्या समितीत सगळी वरच्याच काठाची.

नावाडी स्वतः खालच्या काठाचा. त्याचं मात्र चालायचं, कारण तो वल्ही मारणारा, बसणारा नव्हे! हा हिशेब कुठल्या शहाण्यानं मांडला, ते समितीच जाणे. गेल्या महिन्यात त्याची चौथीतली मुलगी मैत्रिणींना घेऊन हौसेनं आली, तेव्हा समितीचा व्यवस्थापक पाठीमागेच उभा होता. नावाड्यानं पोटच्या पोरीला पाटी दाखवली. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. बायको त्यावर चकार शब्द बोलली नाही, हेच त्याला जास्त लागलं होतं.

आज धक्क्यावर वेगळीच गडबड होती. अनुदानाचा पुढचा हप्ता देण्याआधी ही सोय खरंच सर्वांना खुली आहे का, हे बघायला अधिकारीबाई येणार होत्या. व्यवस्थापकानं तळ्यातली जलपर्णी काढणाऱ्या खालच्या काठाच्या चार बायकांना बोलावलं, नारिंगी जॅकेटं चढवली आणि बोटीत बसवलं. त्यांत नावाड्याची बायकोही होती. मुलगी धक्क्यावर उभी राहून बघत होती. बोटीचा दोर सोडायचा नाही, असं व्यवस्थापकानं नावाड्याला दोनदा बजावलं होतं.

बाई आल्या, फोटो काढले, ‘छान’ म्हणाल्या आणि चहाला कार्यालयात गेल्या. झाली तपासणी! दोराकडे एकदा नजर टाकली असती, तर काय बिघडलं असतं?

“चला, उतरा आता,” व्यवस्थापक म्हणाला.

तिघी मुकाट्यानं उठल्या. नावाड्याची बायको जागची हलली नाही.

“अकरा वर्षं मी या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतेय,” ती म्हणाली. “एक फेरी मारल्याशिवाय मी काही उतरायची नाही.”

तिघी पुन्हा बसल्या. व्यवस्थापकानं नावाड्याला बाजूला घेतलं. बायकोला आवर, नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस बघतो, असं त्यानं सुनावलं. तो बोलल्याप्रमाणे करणारा होता, हे नावाड्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती मुलीकडे बघत होती.

नावाड्यानं मुलीला उचलून बोटीत ठेवलं, जॅकेट घातलं, बाकाखालची पाटी काढून पायाशी घेतली आणि दोर सोडला. मागून व्यवस्थापक ओरडत राहिला.

तळ्याच्या मध्यावर मुलीनं विचारलं, “बाबा, बोट कधी दुरुस्त झाली?”

त्याचे हात थांबले.

“ती कधी बिघडलीच नव्हती, बाळा. मी तुझ्याशी खोटं बोललो.”

पलीकडे कार्यालयाच्या पायऱ्यांवर बाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. नावाड्यानं बोट तिकडे वळवली. पाटी तो त्यांच्या हातात देणार होता आणि आजवर ती कुणाकुणाला दाखवली, तेही सांगणार होता. पहिलं नाव मुलीचं.