शंभर फुटांची अट

अर्ज करायला लागल्यापासून अकराव्या वर्षी वेल्मा रॅस्मसनचा सोडतीत नंबर लागला. बिटररूट नदीच्या वरच्या खोऱ्यात एल्क हे भलंमोठं हरीण मारायचा परवाना वर्षाला मोजक्याच लोकांना मिळतो, आणि दहा वर्षं अर्ज करकरून तिने हात टेकले होते. आता परवाना हातात होता, हंगामाला दहा दिवस उरले होते आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या रायफलने मान टाकली. हजारो गोळ्या जाऊन नळी आतून इतकी झिजली होती, की निशाणाच्या कागदावर भोकं थाळीभर पसरत होती.

गावातल्या बंदूक दुरुस्तीवाल्याने हंगाम उलटून गेल्यावरची, पुढच्या मार्चची तारीख दिली. थोरला भाऊ ऑरिन म्हणाला, माझी रायफल घेऊन जा. पण ऑरिनची वस्तू उसनी घेतली की ती परत केल्यावरही वीस वर्षं ऐकून घ्यावं लागतं, हे वेल्माला लहानपणापासून ठाऊक. शिवाय तिच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवताना ती संधी मिळाली की इंजिन उघडून बघायची. पण गालाला लावायच्या या वस्तूची नळी आत कशी धरून ठेवलेली असते, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने तयार नळी मागवली.

"घरी बदलणार? तू?" ऑरिनने कॉफीचा कप खाली ठेवला. "मग पहिला बार काढशील तेव्हा आधी कळव. मी शंभर फुटांच्या आत थांबणार नाही."

"कामाच्या वेळी तू शंभर फुटांच्या आत असतोस कधी?" वेल्मा म्हणाली.

गॅरेजमध्ये तिने रायफल रिकामी असल्याचं तीनदा पाहिलं आणि जुन्या पट्ट्याचं चामडं गुंडाळून नळी वाइसच्या शिकंज्यात आवळली. नळीला जागेवर धरणारा नट कारखान्यात कुणा रेड्याने आवळला होता की काय कोण जाणे, पान्याला पाइप लावून लोंबकळलं तरी हलेना. मग रंग खरवडायला वापरतात त्या गरम हवेच्या यंत्राने तिने तो तापवला. कडाड आवाज झाला. काहीतरी मोडलं असं तिला वाटलं, पण नट सुटला होता. पुढे नळी हातानेच फिरत बाहेर आली. वेल्माने ती खिडकीकडे धरून आत पाहिलं, तर मागचं टोक आटलेल्या तळ्यासारखं भेगाळलेलं. काम सोडून ती पाच मिनिटं तेच बघत बसली.

नवी नळी किती आत बसवायची, हे ठरवायला काडतुसाच्या आकाराची दोन पोलादी मापं होती. एकावर 'जा' कोरलेलं, दुसऱ्यावर 'नको'. 'जा' आत घालून रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे मिटणारा सरकता दांडा, बंद झाला पाहिजे, 'नको'वर मात्र होता कामा नये. दोन्हींत फरक केसाएवढा. पण तेवढी फट जास्त राहिली तर काडतूस मागच्या बाजूने फुटू शकतं, आणि मागे आपलं तोंड असतं.

तिने नळी बसवली, नट आवळला. 'जा'वर बोल्ट बंद झाला. 'नको' घातलं, तर त्यावरही झाला. नट सोडून पुन्हा बसवली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा दारात उभा असलेला ऑरिन म्हणाला, हट्ट सोड आणि माझी घेऊन जा. वेल्मा रडायच्या बेतात होती. पण नट आवळण्याआधी माप तर दर वेळी नीट लागत होतं, मग बिघडत होतं कधी?

चौथ्यांदा तिने 'जा' आतच ठेवलं आणि नट आवळताना एक बोट बोल्टच्या मुठीवर ठेवलं. मूठ घट्ट होती. शेवटच्या हिसक्याला ती बोटाखाली सैल झाली. म्हणजे नट आवळतानाच आट्यांतली ढिलाई निघून नळी पुढे ओढली जात होती! पाचव्यांदा तिने मुद्दामच मूठ पुरती खाली येऊ नये इतकी नळी आत ठेवली आणि मग आवळलं. 'जा'वर बोल्ट अलगद मिटला. 'नको'वर अर्ध्यात अडला, तो अडलाच.

हंगामाला तीन दिवस असताना दोघं खडीच्या खाणीवर गेले. घरी बसवलेल्या नळीचे पहिले बार दोरीने काढायचे, ही अशा कामातली जुनी रीत. वेल्माने रायफल जुन्या टायरला बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि ती पिकअपच्या आड बसली. ऑरिनने खरोखरच पावलं मोजली आणि तो एका पाइनच्या झाडामागे जाऊन उभा राहिला. तिने दोरी ओढली. धूळ बसल्यावर तिने बोल्ट उघडून काडतुसाची रिकामी पुंगळी काढली आणि त्याच्याकडे नेली. ऑरिनने चष्मा लावून ती फिरवून फिरवून पाहिली. तडा नाही, फुगवटा नाही. दोरीने आणखी दोन बार झाले, त्या पुंगळ्याही त्याने तशाच तपासल्या.

मग वेल्माने दोरी सोडली, सतरंजी अंथरली आणि ती रायफलमागे आडवी झाली. दस्त्यावर गाल टेकल्यावर मात्र तिला भीती वाटली. हा नट आपणच आवळलेला आहे, दुसऱ्या कुणी नाही. तिने वळून पाइनकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

ऑरिन घडीची खुर्ची खडीवरून फरफटत आणत होता. त्याने ती तिच्या डाव्या खांद्याशी मांडली, इतकी जवळ की त्याचा गुडघा तिच्या कोपराला लागला, आणि दुर्बीण डोळ्याला लावली.

"शंभर फूट झाले का रे?" वेल्माने विचारलं.

"टेप घरी राहिली," ऑरिन दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला. "मार आता. कॉफी गार होतेय."