नाथाच्या बुटांचे काटे

सातपूरच्या कारखान्यात सहादूच्या हाताला मान होता. पोलादाला पाणी पाजावं तर त्यानंच, असं खुद्द फोरमन म्हणायचा. भट्टीतून लालभडक निघालेली कापायची हत्यारं तो तेलात बुडवायचा आणि गार झाली की त्यांच्यावर कानस ओढून बघायचा. कानस चावली नाही, नुसती घसरली, की स्वारी खूश. पोलाद जेवढं कडक तेवढं चांगलं, हे वीस वर्षं त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसलेलं होतं.

म्हणून तर गिर्यारोहण मंडळानं बर्फावर चालताना बुटांखाली बांधायचे काटे त्याच्याकडून करून घेतले. विलायती काटे परवडत नव्हते, आणि देवळाली कॅम्पच्या बाजारात लष्कराचे जुने मिळायचे ते कुणाच्या बुटाला धड बसत नव्हते. सहादूनं तळव्याएवढा सांगाडा करून त्याला दहा काटे बसवले. पहिला जोड दिला नाथाला, आपल्या जिवलग मित्राला.

नाथा गेल्या वर्षी, एक्याऐंशीच्या मे महिन्यात, हिमालयातली खिंड ओलांडताना पडला. सहादूला रजा मिळाली नव्हती, तो इथंच होता. मंडळाचे म्होरके कारभारी मास्तर परत आल्यावर म्हणाले, “नाथाला घाई फार. पाय घसरला.” प्रेत वाटेच्या टोकाला असलेल्या गावात नेऊन जाळलं. घरी आली ती त्याची ट्रंक.

यंदा मंडळ पुन्हा त्याच वाटेनं जाणार होतं. आठ माणसं, नऊ दिवस, मध्ये ना गाव ना धूर. महिनाभर सगळे पाठीवर विटा घेऊन पांडवलेण्याचा डोंगर चढत-उतरत होते. मास्तरांच्या शाळेत सातूच्या पिठाच्या पिशव्या, दोर, रॉकेलचे स्टोव्ह यांचा ढीग लागला होता. या खेपेला सहादूही जाणार होता, आणि आठही जोड काटे त्याच्याच हातचे होते.

निघायला पाच दिवस असताना नाथाची बायको सिंधुबाई त्याच्या दारात आली. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं ती ट्रंक उघडली होती.

“कुणाच्या तरी पायात जाऊ देत, भावजी,” म्हणत तिनं बूट खाली ठेवले आणि पाणीही न पिता निघून गेली.

बुटांना काटे तसेच बांधलेले होते. उजव्या पायाचे पुढचे दोन मुळापासून तुटलेले. सहादूनं बूट दारातल्या उन्हात धरला. चांगलं पोलाद आधी वाकतं, मग तुटतं. हे कुठंच वाकलं नव्हतं. तुटल्या जागी जाड साखरेसारखे कण चमकत होते.

पडताना खडकावर आपटून तुटले असतील, असं त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. शेवटी सायकल काढून तो गावातल्या द्वारका नाक्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात गेला आणि पोत्यात गुंडाळून अर्धी लादी घेऊन आला. बादलीत बर्फ फोडला, मीठ घातलं, नव्या काट्यांचा एक जोड त्यात पुरून ठेवला. तासाभरानं बाहेर काढून हातोडीचा हलकासा ठोका दिला. काटा काचेसारखा उडाला. दुसरा उडाला, तिसराही उडाला. चौथ्याला ठोका न देता त्यानं हातोडी खाली ठेवली.

पाणी पाजल्यावर पोलाद पुन्हा थोडं तापवून त्याचा कडकपणा उतरवावा लागतो. तापताना त्याच्यावर आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, गवती रंग चढतो, नंतर निळा. कापायचं हत्यार गवतीवर काढायचं, वजन आणि धक्का सोसणारी वस्तू निळ्यावर. हे सहादूला झोपेतही सांगता आलं असतं. पण हाताला वीस वर्षांची सवय. कडकपणा जाईल म्हणून त्यानं सगळे काटे गवतीवरच काढले होते. नाथा घसरला नव्हता. त्याच्या पायाखालून सहादूची कारागिरी तुटली होती.

पुढचे तीन दिवस त्यानं कारखान्याच्या भट्टीत एकेक काटा निळ्यावर आणला, मोडलेले नवे केले, बर्फात घालून ठोकून पाहिले. आता ते वाकत होते, तुटत नव्हते. मग तो मास्तरांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

मास्तरांनी उठून दार लावून घेतलं. “काटे दुरुस्त झाले ना? मग आता बोभाटा कशाला? त्या बाईला पुन्हा का रडवायचं?”

सहादूला हे ऐकून हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्याला लाजही वाटली. तरी तो मान डोलावून घरी आला.

रविवारी सकाळी शाळेत सामान बांधणं चाललं होतं. सिंधुबाई वाटेसाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. डबा सहादूपुढे ठेवून म्हणाली, “बघून पाय टाका, भावजी. त्यांच्यासारखी घाई करू नका. पायाखाली न बघता गेले, आम्हाला उघड्यावर टाकून. मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.”

मास्तरांनी डोळ्यांनी खुणावलं. सहादूनं तिकडे बघितलंच नाही.

“नाथानं घाई नव्हती केली, वहिनी,” तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “मी केलेले काटे ठिसूळ होते. बर्फात ते तुटले. त्याची काही चूक नव्हती.”

मग अडखळत, जमिनीकडे बघत, त्यानं बादलीतल्या बर्फापर्यंत सगळं सांगितलं. दोर गुंडाळत बसलेल्या एका गड्यानं आपल्या पिशवीतून काटे काढले आणि हळूच फरशीवर ठेवले. त्याचं बघून दुसऱ्यानंही ठेवले.

सहादू शिव्यांची वाट बघत होता. तिनं कानाखाली मारली असती तरी त्यानं गाल पुढे केला असता. सिंधुबाई मात्र भिंतीला टेकून खाली बसली होती.

“वर्षभर, भावजी,” ती म्हणाली. “रोज त्यांच्या फोटोपुढे उभी राहून मी त्यांना नाही नाही ते बोलले.” पदर तोंडाशी नेऊन तिनं त्याच्याकडे बघितलं. “त्यांनी ऐकलं असेल का हो?”